चांगला माल आणि जिद्द : एवढ्यावर भागतं का?

प्रश्न : आमचा बायकांचा बचत गट आहे. आगळ, कोकम सरबत, सोलं आणि थोडे काजूगर असा माल आम्ही करतो. मध्यंतरी एका शिबिरात व्याख्यात्यांनी सांगितलं, की खाशाबा जाधवांकडे बघा, नागपूरच्या दिव्या देशमुखकडे बघा. जिद्द ठेवा, माल चांगला ठेवा, गिऱ्हाईक आपोआप येईल. ऐकताना अंगावर काटा आला. घरी आल्यावर मात्र प्रश्न पडला. माल चांगला आहे, जिद्दही आहे, तरी बाटल्या पडून राहतात. कुस्ती किंवा बुद्धिबळ जिंकणं आणि सरबत विकणं यांचा खरंच काही संबंध असतो का? असला तर नेमका कोणता?
– एक वाचक, सिंधुदुर्गनगरी (ओरोस)

उत्तर : तुमच्या पत्रात एकात गुंतलेल्या तीन शंका आहेत. चांगला माल आपोआप खपतो का? लिंबूटिंबू समजला जाणारा खेळाडू केवळ जिद्दीवर जिंकतो का? आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय? पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर "नाही" असं आहे, आणि तिसऱ्याचं उत्तर त्या दोन नकारांतूनच निघतं. तेव्हा एकेक गाठ सोडवू.

चांगला माल आपोआप का खपत नाही?

याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. हापूसचे दोन दोष प्रत्येक बागायतदाराला माहीत असतात. एक म्हणजे साका : फळ बाहेरून देखणं, पण कापल्यावर आत पांढरट, आंबूस, पोकळ भाग निघतो. दुसरा म्हणजे झाड एक वर्ष भरभरून देतं आणि पुढच्या वर्षी हात आखडतं. कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या केंद्रातल्या संशोधकांनी नीलम आणि हापूस यांचा संकर करून 'रत्ना' ही जात तयार केली. ती १९८१मध्ये बाहेर आली. तिच्यात साका होत नाही आणि ती दरवर्षी फळते. पुढे रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून 'सिंधू' आली, १९९२मध्ये. तिची कोय इतकी पातळ, की जवळजवळ नसल्यासारखीच.

कागदावर पाहिलं तर या दोन्ही जातींनी बाजार जिंकायला हवा होता. तसं झालं नाही. हापूसचं सिंहासन आजही हापूसकडेच आहे. रत्ना आणि सिंधू ही उत्तम फळं आहेत, हौशी बागायतदार ती लावतातही. पण मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक एप्रिलमध्ये त्यांचं नाव घेऊन दुकानात जात नाही.

कारण सरळ आहे. पेटी घेताना आतला आंबा चाखून बघता येत नाही. गिऱ्हाईक पैसे आधी देतं आणि चव नंतर कळते. मधल्या वेळात त्याला धीर देणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे ओळखीचं नाव. हापूसच्या नावामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे, रत्नाच्या नावामागे तो नव्हता. बागायतदाराचंही तसंच. कलम लावून उत्पन्न हाती यायला वर्षं लागतात. नव्या नावाला भाव मिळेल की नाही हे ठाऊक नसताना तो उभी बाग बदलत नाही. म्हणजे माल चांगला असणं ही झाली पहिली पायरी. तो चांगला आहे हे घेणाऱ्याला *घेण्याआधी* कसं पटणार, हा खरा प्रश्न.

गिऱ्हाईक नेमकं कशाला अडतं?

गिऱ्हाइकाला कळत नाही, म्हणून ते चांगली वस्तू घेत नाही, हा एक फार पसरलेला गैरसमज आहे. बहुतेक वेळा गिऱ्हाइकाला स्वतःचा धोका विकणाऱ्यापेक्षा जास्त चांगला कळतो.

लक्ष्मणराव किर्लोस्कर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेळगावात लोखंडी नांगर बनवू लागले, तेव्हाची गोष्ट पाहा. नांगर लाकडीपेक्षा खोल जाणारा आणि टिकाऊ. तरी पहिलं गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षं गेली असं सांगतात. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. आज ही समजूत ऐकून हसू येतं. पण त्या शेतकऱ्याच्या बांधावर उभं राहून विचार करा. त्याच्याकडे जमिनीचा एकच तुकडा, वर्षाचा एकच खरीप. नवा नांगर फसला तर किर्लोस्करांचा एक नांगर पडून राहणार, शेतकऱ्याचं मात्र वर्ष जाणार. दोघांचा धोका सारखा नव्हता, म्हणून दोघांचं मतही सारखं नव्हतं.

शेतकऱ्यांची समजूत कशाने बदलली? ज्यांनी नांगर घेतला त्यांच्या शेतातलं पीक शेजाऱ्यांनी पाहिलं, म्हणून. १९१०मध्ये औंध संस्थानच्या जागेवर किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९२०मध्ये तिथून 'किर्लोस्कर खबर' हे पत्र सुरू झालं, तेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक म्हणून घरोघर गेलं. त्याची सुरुवात मात्र कारखाना, त्याचा माल आणि तो वापरणारे लोक यांना जोडणारं पत्र म्हणून झाली होती. माल तयार करणं आणि मालाबद्दलची शंका फेडणं ही दोन स्वतंत्र कामं आहेत, आणि दुसऱ्यालाही माणूस, वेळ आणि कागद लागतो, हे त्या लोकांनी ओळखलं होतं.

याच्या उलट बाजूचं उदाहरण नॅनो गाडीचं. दुचाकीवर अख्खं कुटुंब पावसात जाताना पाहून रतन टाटांना ही कल्पना सुचली आणि टाटा मोटर्सच्या अभियंत्यांनी खरोखरच लाखाच्या आसपासची चारचाकी करून दाखवली. जानेवारी २००८मध्ये ती जगापुढे आली, तेव्हा साऱ्या जगाने मान वळवून पाहिलं. दहा-अकरा वर्षांत ती बंद झाली. कारखाना सिंगूरहून साणंदला हलवावा लागल्याने झालेला उशीर, काही गाड्यांना आग लागण्याच्या घटना, अशी कारणं त्यामागे होतीच. पण सर्वांत स्वस्त गाडी ही तिची ओळख करून दिली गेली ही चूक झाली, असं पुढे खुद्द टाटांनीच सांगितलं. पहिली गाडी घेणारं कुटुंब वाहनाबरोबर चारचौघांतला मानही घरी आणत असतं. "सगळ्यांत स्वस्त" हा शिक्का त्या मानावरच पडला. गिऱ्हाइकाची एक अडचण, म्हणजे पैशांची, सोडवताना दुसरी नवीच उभी राहिली.

आता तुमच्या बाटलीकडे येऊ. पुण्याहून मालवणला आलेला माणूस तुमच्या मालासमोर उभा राहतो तेव्हा त्याच्या मनात काय येत असेल? आगळ म्हणजे काय आणि सरबत म्हणजे काय, यांत फरक असतो हे त्याला बहुधा माहीतच नसतं. तो आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची, बाटली सरबत समजून नेतो, घरी पेल्यात ओततो, आणि पहिल्याच घोटाला खारट-आंबट झटका बसला की बाटली फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात जाते. तुमचा माल अस्सल होता, तरी गिऱ्हाईक गेलं. शिवाय बाकीच्या शंका आहेतच : यात रंग घातलाय का? पेलाभर पाण्याला किती घालायचं? झाकण उघडल्यावर किती दिवस टिकेल? प्रवासात गळेल का? या शंकांची उत्तरं बाटलीवर मोठ्या, वाचता येतील अशा अक्षरांत नसतील, तर ती देण्यासाठी प्रत्येक दुकानात तुमच्या गटातली एक बाई उभी करावी लागेल.

तेव्हा मोठ्या कंपनीची बाटली ही तुमची पहिली प्रतिस्पर्धी नव्हे. घेणाऱ्याच्या मनातली शंका ही पहिली प्रतिस्पर्धी. हे एकदा मान्य केलं, की खेळाडूंच्या गोष्टी एकदम कामाच्या होतात. ज्यांच्याविरुद्ध आकडे असतात ते खेळाडू नेमकं हेच करतात : आपल्याला कोण किंवा काय अडवतंय, हे नीट ओळखतात.

मग लिंबूटिंबू जिंकतो तरी कसा?

खाशाबा जाधवांपासून सुरुवात करू. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. व्याख्यानांत या चार वर्षांचं वर्णन "जिद्द" या एका शब्दात उरकलं जातं. पण जिद्द १९४८लाही होतीच. तेव्हा नव्हता तो मॅटचा सराव. खाशाबा लाल मातीत घडलेले. ऑलिंपिकची कुस्ती मॅटवर, वेगळ्या नियमांनी आणि गुणांनी चालते. मातीत पाठ टेकवणं हा निकाल, तिथे मात्र प्रत्येक डावाचा हिशोब. लंडनला त्यांना रीस गार्डनर या परदेशी प्रशिक्षकाचं मार्गदर्शन मिळालं, पुढची चार वर्षं तयारी झाली, आणि हेलसिंकीला उतरले ते नियम जाणणारे खाशाबा.

प्रवासाच्या पैशांची गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी सात हजार रुपयांसाठी स्वतःचं घर गहाण टाकलं. हा पैसा अनोळखी लोकांचा नव्हता. खाशाबांची कुस्ती ज्यांनी डोळ्यांनी पाहिली होती, त्यांना शंका नव्हती, म्हणून त्यांनी पैसे दिले.

तुमच्यासाठी यातला धडा असा. घरचं, गावचं, जत्रेतलं गिऱ्हाईक ही तुमची माती. शहरातलं दुकान ही मॅट. तिथे चवीआधी अन्न सुरक्षा परवान्याचा क्रमांक, तयार केल्याची आणि वापरायची मुदत, नेमकं वजन, छापील किंमत, आणि दुकानदाराची उधारीची पद्धत हे सगळं येतं. हे नियम त्रासदायक वाटतात. पण मॅटवर उतरून मातीचे डाव खेळत राहिलं, तर उत्तम पैलवानही गुण गमावतो.

दुसरी गोष्ट अविनाश साबळेची. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा सैनिक तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यत पळतो. राष्ट्रकुल स्पर्धांमध्ये या शर्यतीची तिन्ही पदकं १९९८पासून दर वेळी केनियाच नेत आला होता. २०२२मध्ये बर्मिंगहॅमला साबळेने ती साखळी तोडली. ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्यपदक, आणि सुवर्ण हुकलं ते फक्त ०.०५ सेकंदाने.

ही एका दुपारची किमया होती, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण मागे जाऊन आकडे बघा. २०१८मध्ये त्याने ८ मिनिटं २९.८० सेकंदांची वेळ देऊन गोपाळ सैनी यांचा ३७ वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. तिथून चार वर्षांत, स्वतःचाच विक्रम पुन्हा पुन्हा मोडत, त्याने साडेअठरा सेकंद कमी केले. केनियाचे धावपटू किती वेगात पळतात, हे त्याच्या हातात नव्हतं. स्वतःचं घड्याळ मात्र होतं. तो दर वेळी तेच मोजत गेला.

बचत गटात मोजायची गोष्ट कोणती? एकूण विक्री नव्हे. प्रदर्शनात पहिल्यांदा भेटलेल्या गिऱ्हाइकाने शंभर बाटल्या नेल्या, यावरून फारसं काही कळत नाही. आलेली मंडळी कौतुकाने घेतात. तेच गिऱ्हाईक *दुसऱ्यांदा* मागतं का, हा आकडा खरा. तो वाढला तर माल आणि शंका दोन्ही जिंकलात. तो वाढत नसेल तर दुकानांची संख्या वाढवून उपयोग नाही.

तिसरी गोष्ट दिव्या देशमुखची, कारण तिचं नाव तुमच्या व्याख्यात्यांनी घेतलं होतं. जुलै २०२५मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा दिव्याला पंधरावं मानांकन होतं. ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म तिच्याकडे नव्हता. तिने एकेक वरची खेळाडू हरवत अंतिम फेरी गाठली आणि तिथे कोनेरू हम्पीशी दोन्ही मोठे डाव बरोबरीत सोडवून जलद डावांत विजय मिळवला. हम्पी त्या वेळी जलद बुद्धिबळाचीच विश्वविजेती होती. विश्वचषकाबरोबरच दिव्याला ग्रँडमास्टर किताबही मिळाला.

यात कौशल्य तर होतंच. पण एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते, ती म्हणजे स्पर्धेची रचना. ही बाद पद्धतीची स्पर्धा होती. प्रत्येक फेरीत दोन डाव, बरोबरी झाली तर जलद डाव. अशा छोट्या लढतीत दोन खेळाडूंमधला फरक उघड व्हायला वेळ कमी मिळतो. साधा हिशोब करा. समजा, प्रत्येक डावात दुबळ्याची जिंकण्याची शक्यता दहात चार आहे. एकच डाव खेळला तर त्याची शक्यता चाळीस टक्के. हाच सामना एकशे एक डावांचा केला, तर जास्त डाव जिंकण्याची त्याची शक्यता दोन टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे मैदान जितकं लांबरुंद, तितका बलवानाचा फायदा. मैदान जितकं आटोपशीर, तितकी तयारीच्या लिंबूटिंबूला संधी.

बाजारातही हेच घडतं. महाराष्ट्रभरच्या सगळ्या दुकानांत मोठ्या कंपनीशी टक्कर घेणं म्हणजे एकशे एक डावांचा सामना. तिच्या गाड्या, जाहिराती, उधारी देण्याची ताकद, सगळं तिथे कामाला येतं. पण तारकर्ली-देवबागच्या न्याहरी-निवासात दुपारी मासे-भाताचं ताट येतं, शेवटी सोलकढीची वाटी येते, आणि पाहुणा दुसरी वाटी मागतो. त्या क्षणी त्याला आगळाची चव पटवून द्यायची गरज उरत नाही, ती त्याच्या जिभेवर असते. तिथेच, पैसे देण्याच्या टेबलावर, सोलकढी कशी करायची ते चार ओळींत लिहिलेली आगळाची लहान बाटली असेल, तर हा एका डावाचा सामना आहे, आणि तो तुमच्या अंगणात आहे. मोठी कंपनी या टेबलापर्यंत सहसा पोहोचत नाही, कारण तिला तो आकडा फार छोटा वाटतो.

वस्तू बदलावी लागते का?

कधी कधी लागते. प्रश्न असतो, काय बदलायचं आणि काय तसंच ठेवायचं. इथेही एक खेळच उत्तर देतो.

कबड्डी आपल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या खेळली जाते. पण टीव्हीवर, घरात बसून, कबड्डी न खेळलेल्या माणसाने ती बघावी, यात अडचणी होत्या. चढाई रेंगाळली की गुंतागुंत कळत नसे, आणि बरोबरीत चाललेला सामना कंटाळवाणा वाटे. २०१४मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हा खेळ मॅटवर, दिव्यांच्या झोतात आला. चढाईला तीस सेकंदांची मर्यादा. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरी "करो या मरो" : गुण मिळवा, नाही तर बाद. मैदानात तीन किंवा कमी खेळाडू उरलेल्या संघाने चढाईपटूला पकडलं, तर जादा गुण. शेवटच्या नियमाकडे नीट बघा. तो मागे पडलेल्या संघाला परत येण्याची वाट देतो. त्यामुळे शेवटच्या मिनिटापर्यंत कोण जिंकेल हे सांगता येत नाही, आणि प्रेक्षक खिळून राहतो.

पण काय बदललं नाही, तेही पाहा. एकट्याने सातांच्या अंगणात शिरायचं, हात लावायचा आणि परत यायचं, हा खेळाचा जीव होता तसाच राहिला. अनोळखी माणसाला जिथे अडखळायला होत होतं, तेवढंच बदललं. तुमच्या बाबतीत कोकमाची चव हा जीव. तिच्यात साखर किंवा रंग वाढवून ती "शहरी" करायची गरज नाही. बदलायची ती बाटलीची रचना. एका कुटुंबाच्या एका वेळच्या सोलकढीला पुरेल असं छोटं, न गळणारं पाकीट केलं, तर पहिल्यांदा घेणाऱ्याचा धोका काही रुपयांवर येतो.

विजेत्यांची नक्कल करावी का?

इथे जरा सावध राहायला हवं. व्याख्यानांत आपण फक्त जिंकलेल्यांच्या गोष्टी ऐकतो. तितक्याच जिद्दीचे, तितकाच घाम गाळलेले, आणि हरलेले कित्येक खेळाडू असतात. त्यांच्यावर कुणी व्याख्यान देत नाही. जिद्द जिंकणाऱ्यांत असते आणि हरणाऱ्यांतही असते, म्हणून केवळ जिद्दीने जय कसा मिळाला हे समजत नाही. ती नसेल तर मैदानात टिकणं अशक्य, हे खरं. पण कोण जिंकेल, हे ती कशावर खर्च केली यावर ठरतं : खाशाबांनी नियमांवर, साबळेने घड्याळावर.

म्हणून विजेत्याची बाह्य कृती उचलू नका, तिच्यामागचं कारण उचला. लिज्जत पापडाचं उदाहरण घ्या. १५ मार्च १९५९ला गिरगावातल्या सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. हे ऐकून "आपणही ऐंशी रुपयांत सुरू करू" असं म्हणण्यात अर्थ नाही. कारण पुढे आहे. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, एक हलक्या भावाचा. त्यांना पैसे देणारे छगनबापा पारेख यांनी एकच उत्तम प्रत ठेवायला सांगितलं. पुढे पीठ केंद्रावर मळायचं आणि बायकांनी ते घरी नेऊन लाटायचं, ही पद्धत बसली. लाटणारे हात हजारो झाले तरी पीठ एक, म्हणून चव एक. घेणाऱ्याची सगळ्यात मोठी शंका, "मागच्या वेळसारखंच निघेल ना?", या पद्धतीने कायमची मिटवली.

तुमच्या गटात आगळ किती घरांत होतं? प्रत्येकीचं मिठाचं प्रमाण वेगळं असेल, तर एकाच नावाखाली अनेक चवी बाजारात जातात. दुसऱ्यांदा न मागणाऱ्या गिऱ्हाइकाचं कारण बहुतेकदा इथे सापडतं.

खेळ आणि बाजार कुठे वेगळे पडतात?

हा फरक सांगितला नाही तर उत्तर अर्धं राहील. खेळात एक जिंकतो तेव्हा दुसरा हरतोच. बाजारात तसं असावं लागत नाही. शेजारच्या गावातल्या गटाचं सरबत पुण्यात आवडलं, तर पुण्याचं गिऱ्हाईक कोकमाला सरावतं आणि तुमचंही काम सोपं होतं. उलट, तिथे कुणी भेसळीचा माल "मालवणी कोकम" म्हणून विकला, तर तुमचंही नाव खराब होतं. म्हणून बाजारातल्या लहानांची ताकद सामायिक नावात असते, आणि ते नाव सांभाळणं सगळ्यांचं काम असतं.

देवगडच्या बागायतदारांनी हे ओळखलं आहे. कोकणच्या हापूसला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरी बाहेरचा आंबा देवगडच्या नावाने विकला जातो, ही तक्रार जुनीच. मग २०२५च्या हंगामात देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने फळावर लावायचं, एकदा काढलं की पुन्हा न वापरता येणारं, स्वतंत्र क्रमांकाचं स्टिकर आणलं. त्यावरून आंबा कुठला, याची खात्री घेणारा स्वतः करू शकतो. रत्ना आणि सिंधू या जाती झाडात सुधारणा करून आल्या. हे स्टिकर विश्वासात सुधारणा करून आलं. दोन्ही नवीच उत्पादनं. पण दुसरं थेट घेणाऱ्याच्या शंकेवर नेम धरतं. कोकमालाही आपल्या दोन जिल्ह्यांच्या नावाने मानांकन आहे. त्याचा वापर कसा करता येतो, हे जिल्हा कृषी कार्यालयात विचारून घ्या.

तर आता करायचं काय?

कोकमाचा हंगाम उन्हाळ्यात, पाऊस लागेपर्यंत. त्याआधी चार कामं उरकता येतील. एक : आगळाचं मिठाचं प्रमाण वजनकाट्यावर ठरवा आणि सगळ्या घरांत तेच चालवा. दोन : आगळ आणि सरबत यांच्या बाटल्या लांबूनही वेगळ्या दिसतील अशा करा, आणि कसं वापरायचं, किती टिकतं हे मागे स्पष्ट छापा. तीन : जिथे पाहुणे सोलकढी पितात अशी मोजकी ठिकाणं निवडा आणि पहिल्या हंगामात फक्त तिथेच माल ठेवा. चार : एक वही ठेवा, आणि तिच्यात दर ठिकाणी पहिल्यांदा घेणारे किती आणि पुन्हा मागणारे किती, हे वेगवेगळ्या रकान्यांत लिहा.

व्याख्यात्यांनी सांगितलेली जिद्द या चौथ्या कामाला सगळ्यात जास्त लागते. माल करताना उत्साह असतो, विकताना उत्सुकता असते, पण रोज संध्याकाळी दोन आकडे लिहिण्यात काहीच थरार नाही. तरी हंगाम संपल्यावर कुठल्या ठिकाणी बाटल्या वाढवायच्या, कुठल्या बंद करायच्या, आणि नव्या पाकिटाचा खर्च परवडेल की नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या दोन रकान्यांतच मिळतील.